विश्लेषण : ‘विंडोज १०’ला निरोप, मेमरी महाग… जुना डेस्कटॉप टिकवायचा तर आधी पंखा आणि ‘एसएमपीएस’ का तपासावा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ‘विंडोज १०’ला नियमित सुरक्षा अद्यतने देणे थांबवले. शाळा, पतसंस्था, सीएंची कार्यालये, डीटीपी सेंटर आणि घरोघरच्या टेबलांखालच्या जुन्या डेस्कटॉपांचे करायचे काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्यातच मेमरीचे भाव चढले आणि नवा संगणक घेणे महागले. साहजिकच ‘आहे तोच आणखी दोन-तीन वर्षे चालवू’ असे अनेकांनी ठरवले आहे. पण तो चालेल की नाही, हे प्रोसेसर किती जुना आहे यावर क्वचितच ठरते. बहुतेक वेळा ते ठरते काही शे रुपयांच्या पंख्यावर आणि सहसा कुणीही न उघडणाऱ्या एका पत्र्याच्या डब्यावर.

नेमके घडले काय?

‘विंडोज ११’ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्यासाठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा, अशी अट घालण्यात आली. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक आय-३, आय-५ डेस्कटॉप एका फटक्यात यादीबाहेर गेले. ‘कॅनालिस’ या बाजार अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज मांडला होता, की या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संस्थांना हीच सोय तीन वर्षांपर्यंत विकत घेता येते, मात्र दर वर्षी तिची किंमत दुप्पट होते.

दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या अखेरीस साध्या संगणकाच्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर ‘मायक्रॉन’ने आपल्या ‘क्रुशल’ या ग्राहकांसाठीच्या ब्रँडचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. चार वर्षांपूर्वी ‘कोण ठेवतो ते जुने डबडे’ म्हणून ज्याकडे पाहिले जाई, त्या ८ जीबी रॅमच्या यंत्राला आता पुन्हा किंमत आली आहे.

जुने म्हणजे नेमके काय झिजते?

आपल्याकडे अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. खरे तर सीपीयू म्हणजे आतला फक्त प्रोसेसर, आणि गंमत अशी की त्या डब्यात सर्वात कमी बिघडणारी वस्तू तीच. प्रोसेसर आणि रॅममध्ये हलणारा भाग नाही. तापमान मर्यादेत राहिले आणि वीज नीट मिळाली, तर या चिपा वीस वर्षेही काम करतात.

झिजतात त्या चार वस्तू : हार्ड डिस्क, घड्याळ चालवणारा गोल सेल, पंख्याचे बेअरिंग आणि एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याचा सल्ला आता गल्लीतला कोणताही दुरुस्तीवाला देतो आणि तो योग्यच आहे. सेल तर मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळतो. उरलेल्या दोन वस्तूंकडे मात्र त्या पूर्ण बंद पडेपर्यंत कुणी पाहत नाही. एसएसडीवर खर्च केल्यानंतर महिनाभरात यंत्र बंद पडले, तर ग्राहक एसएसडीला किंवा दुरुस्तीवाल्याला दोष देऊन मोकळा होतो.

पंखा मंदावला की काय होते?

डेस्कटॉपमध्ये किमान दोन पंखे असतात, एक प्रोसेसरवर आणि एक एसएमपीएसमध्ये. प्रोसेसरवरचा पंखा तीन किंवा चार तारांचा असतो. तिसरी तार मदरबोर्डला ‘मी किती वेगाने फिरतोय’ ते सांगते. चौथीवरून मदरबोर्ड पंख्याला ‘इतकेच फिर’ असा हुकूम देतो. सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ असे दिसते आणि लोक एफ-१ दाबून पुढे जातात, तो निरोप या तिसऱ्या तारेचा असतो.

पंखा थांबला तरी आजचा प्रोसेसर लगेच जळत नाही. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तो आपला वेग आपणच कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद होते. पूर्वी असे नव्हते. ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने २००१ मध्ये चालू संगणकांवरचे हीटसिंक काढून दाखवले, तेव्हा इंटेलचा पेन्टियम ४ मंदावला, पण एएमडीचा त्या वेळचा अ‍ॅथलॉन अक्षरशः धूर सोडून मेला. त्यानंतर सर्वच उत्पादकांनी ही सुरक्षा प्रोसेसरमध्ये आणली.

याच सुरक्षेमुळे एक नवा गैरसमज मात्र जन्माला आला. धूळ साचलेला, पेस्ट वाळलेला संगणक बंद पडत नाही, तो फक्त हळू होतो. सकाळी बरा चालतो, दुपारी रखडतो. मालक म्हणतो, ‘जुना झालाय, आता बदलायला हवा.’ प्रत्यक्षात यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी अर्ध्या वेगाने चालत असते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, तो वरून पंखा फिरताना दिसत असल्याने कळतही नाही. पंखा काढून खाली पाहिल्याशिवाय निदान होत नाही.

इंटेलच्या २००४ नंतरच्या कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. सफाईनंतर त्यातली एक नीट न बसणे ही फार नेहमीची चूक. तीन खुंट्यांवर तिरका बसलेला कूलर दिसायला ठीक वाटतो आणि तापमान आधीपेक्षा जास्त येते.

एसएमपीएस म्हणजे काय आणि तो का मरतो?

मागच्या बाजूला जिथे वीजेची वायर लागते, तो पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज देतो. आज जी रचना दिसते तिचे मूळ इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या ‘एटीएक्स’ मानकात आहे. या मानकानुसार प्रत्येक मुख्य व्होल्टेज पाच टक्क्यांच्या आत राहायला हवे. म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली जाता कामा नये.

हे काम करताना डब्यातले कपॅसिटर सतत वीज भरतात आणि सोडतात. त्यांच्यात एक ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते हळूहळू उडून जाते. याचा एक ढोबळ हिशेब अभियंते वापरतात : तापमान दहा अंशांनी कमी झाले तर कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट, दहा अंशांनी वाढले तर निम्मे.

हा हिशेब मांडून पाहिला की पंख्याचे महत्त्व कळते. साध्या एसएमपीएसमध्ये ‘१०५ अंशांवर २,००० तास’ असे मानांकन असलेला कपॅसिटर असतो. आत ६५ अंश तापमान असेल तर त्याचे आयुष्य सुमारे ३२,००० तास होते. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर तेरा वर्षे. आता त्याच डब्याचा पंखा धुळीने मंदावला आणि आतले तापमान ७५ झाले, तर आयुष्य १६,००० तासांवर, म्हणजे सात वर्षांच्याही खाली येते. विदर्भात मे महिन्यात खोलीतच ४० अंशांहून अधिक तापमान असते आणि संगणक अनेकदा भिंतीला चिकटवून लाकडी कप्प्यात कोंबलेला असतो. तिथे काय होत असेल, याची कल्पना करता येते. कोकणात उष्णतेऐवजी दमट, खारी हवा आपले काम करते.

कपॅसिटर निकृष्ट असतील तर तापमानाचीही गरज नसते. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष रसायनाचे कपॅसिटर अनेक नामवंत कंपन्यांच्या मदरबोर्डांत आणि एसएमपीएसमध्ये गेले आणि दोन-तीन वर्षांत फुगून फुटू लागले. एकट्या ‘डेल’ला या दुरुस्तीपोटी २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. त्या काळातले यंत्र आजही कुणाकडे चालू असेल, तर डबा उघडून कपॅसिटरची टोपी सपाट आहे की फुगलेली, हे आधी पाहावे.

एसएमपीएस बहुधा एकदम मरत नाही. त्याची लक्षणे विचित्र असतात. सकाळी पहिल्यांदा सुरू होत नाही, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात होतो आणि मग दिवसभर चालतो. थंड अवस्थेत झिजलेले कपॅसिटर आणखी दुबळे असतात, गरम झाले की थोडे सावरतात, म्हणून असे होते. या लक्षणावर आपल्याकडचा लोकप्रिय उपाय म्हणजे ‘संगणक बंदच करायचा नाही’. त्याने कपॅसिटर चोवीस तास तापत राहतात आणि शेवट जवळ येतो.

एक बारीक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. स्क्रीनवरून ‘शट डाऊन’ केले तरी एसएमपीएस पूर्ण बंद होत नाही. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट चालूच असतात, कारण समोरचे बटण दाबल्याचे कळायला मदरबोर्ड थोडा जागा राहावा लागतो. भिंतीवरचे बटण बंद न करणाऱ्या कार्यालयांत या भागाचे कपॅसिटर रात्री-सुट्टीलाही झिजत असतात, आणि अनेकदा सर्वात आधी तेच जातात.

वीज गेली की संगणक रीस्टार्ट होतो, दोष यूपीएसचाच?

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत ही तक्रार रोजची आहे. यूपीएस आहे, त्याची बॅटरी नवी आहे, तरी वीज गेली की पडदा काळा होतो. मग यूपीएसच बदलला जातो आणि तक्रार तशीच राहते.

स्वस्त यूपीएसला मुख्य वीजेवरून बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणक एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या वीजेवर तगतो. एटीएक्स मानकानुसार पूर्ण भारावरही ही साठवण १६-१७ मिलिसेकंद पुरायला हवी. एसएमपीएस नवा असतो तेव्हा ती पुरते. कपॅसिटर वाळले की ती घटते, आणि यूपीएस वेळेत आला तरी तोवर संगणकाने मान टाकलेली असते. अशा वेळी तोच यूपीएस दुसऱ्या, नव्या संगणकाला लावून वीज बंद करून पाहावी. तो चालू राहिला तर दोष कुठे आहे हे पाच मिनिटांत कळते.

डब्याला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्यांचेही असेच आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विद्युत गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याच्या डब्याला जोडलेले असतात. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग असेल तर तिथला किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जुगाड केला असेल, तर डब्यावर सुमारे निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट येऊन बसतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने सहसा इजा होत नाही. पण एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला, तर वाचवणारी तारच तिथे नसते. यात संगणक बदलून काहीच होत नाही. त्यासाठी वायरमनला बोलवावे लागते.

नवा एसएमपीएस कोणताही चालतो का?

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, गिऱ्हाईक ‘४५० वॅटचा द्या’ एवढेच सांगते. हा आकडा वीज किती खाणार याचा नसून जास्तीत जास्त किती देऊ शकेल याचा असतो, त्यामुळे मोठा आकडा घेतला की बिल वाढते ही भीती निराधार आहे. खरी अडचण वेगळी आहे. पेन्टियम ४ नंतरचे सर्व संगणक बहुतांश वीज १२ व्होल्टच्या तारेवरून घेतात. लेबलवर ‘४५०’ असे ठळक लिहिलेले असते, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर असतील तर प्रत्यक्ष उपयोगाची शक्ती बारा गुणिले पंधरा, म्हणजे १८० वॅट एवढीच. साध्या कार्यालयीन संगणकाला तीही पुरते. ग्राफिक्स कार्ड असलेल्याला नाही. म्हणून लेबलवरचे मोठे अक्षर सोडून तो बारीक तक्ता वाचावा.

याहून मोठा सापळा ब्रँडेड यंत्रांचा आहे. बँका आणि आयटी कंपन्यांनी वापरून काढलेले डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मोठ्या प्रमाणावर विकले जातात. यंत्रे दणकट असतात यात शंका नाही. पण त्यातल्या अनेकांना बाजारातला २४ पिनांचा साधा एसएमपीएस बसत नाही. डेलच्या २०१३ नंतरच्या कितीतरी ऑप्टिप्लेक्स मॉडेलांत मदरबोर्डचा जोड ८ पिनांचा आहे, एचपी आणि लेनोव्होचे आपापले वेगळे. पंख्यांचे जोडही अनेकदा असेच निराळे असतात आणि दुसरा पंखा लावला की सुरू होताना पंखा बिघडल्याचा इशारा येत राहतो. यासाठी जोडतारा मिळतात, पण त्या नेमक्या त्याच मॉडेलच्या हव्यात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या काही डेल यंत्रांत तर जोड दिसायला अगदी प्रमाण एटीएक्सचा, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा होता. त्यात बाजारातला एसएमपीएस लावला की मदरबोर्ड जळत असे. जुना ब्रँडेड संगणक विकत घेताना प्रोसेसरची पिढी विचारण्याबरोबरच ‘याचा एसएमपीएस सुटा मिळतो का’ हे विचारायला हवे.

जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असे लिहिलेली लाल सरकती कळ असते. ती चुकून ११५ वर गेली तर बटण दाबताच स्फोटासारखा आवाज होतो. दुकानातून आलेला डबा लावण्यापूर्वी ती पाहून घ्यावी.

घरी काय करावे, काय नाही?

वायर काढून, डब्याची बाजू उघडून मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढणे कुणालाही जमते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वेड्यासारखे फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसरची पेस्ट कूलर काढल्यावर दर वेळी नवी लावावी लागते. शिवणयंत्राचे तेल टाकून पंखा सुरू करण्याची युक्ती काही आठवडे चालते, पण तो उपाय नव्हे.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात. बिघडलेल्या डब्यात तर ही वीज आपोआप उतरेल याचीही खात्री नसते. त्याची धूळ बाहेरूनच झोताने काढावी आणि पंखा अडकत असेल तर सरळ बदलून घ्यावा.

जुन्या यंत्रावर खर्च कधी करू नये?

मदरबोर्डवरचेच कपॅसिटर फुगले असतील, रॅम ४ जीबीहून कमी असेल, किंवा एसएमपीएस सुटा मिळतच नसेल, तर पैसे घालण्यात अर्थ नाही. वीजेचाही हिशेब करावा. सरासरी ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस चालला तर १४४ युनिट होतात. १५ वॅटच्या छोट्या नव्या संगणकाला ३६ युनिट लागतील. १०८ युनिटांचा फरक, म्हणजे युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला हजारभर रुपये. एवढ्यासाठी एक यंत्र फेकणे परवडत नाही, चाळीस यंत्रांच्या प्रयोगशाळेला मात्र हा आकडा जाणवतो.

आणि यंत्र नीट केले म्हणून सुरक्षेचा प्रश्न सुटत नाही. नवा पंखा लावलेली, पण अद्यतने न मिळणारी ‘विंडोज १०’ बँकिंगसाठी धोक्याचीच. लिनक्स हा मार्ग आहे. केरळमधल्या सरकारी शाळा गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. मराठी डीटीपीवाल्यांची अडचण निराळी आहे. ‘श्री-लिपी’च्या जुन्या आवृत्त्या, त्यांचे हार्डवेअर लॉक आणि पेजमेकरमधल्या वर्षानुवर्षांच्या फाइली त्या जुन्या यंत्राशीच बांधलेल्या आहेत. तो संगणक इंटरनेटपासून तोडून, फक्त कामापुरता ठेवणे हाच त्यांच्यापुढचा व्यवहार्य तोडगा, आणि तिथे एसएमपीएस जाणे म्हणजे लग्नसराईत धंदा बंद.

धोरण काय म्हणते?

‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची उद्दिष्टे टाकली, २०२५-२६ साठी ७० टक्के. वस्तू दुरुस्त करून तिचे आयुष्य वाढवणाऱ्या नोंदणीकृत ‘रिफर्बिशर’ला प्रमाणपत्र मिळण्याची सोयही या नियमांत आहे, आणि त्या आधारे उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. गल्लीतला दुरुस्तीवाला, जो प्रत्यक्षात हेच काम करतो, तो बहुधा या नोंदणीत नसतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यानंतर नेमलेल्या समितीने ‘दुरुस्ती निर्देशांका’बाबत मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्याचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. आठ पिनांच्या एसएमपीएसला बाजारात जोड का मिळू नये, हा डेस्कटॉपवाल्यांचा प्रश्न अजून त्या कागदांवर ठळकपणे आलेला नाही.